सहा इंच जाडीचं वादळ

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला शिंपल्यांबद्दल सांगत सुटले आहे. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कळवा स्टेशनच्या जिन्यावर, भाजीवाल्यासमोर, मुलीच्या शिकवणीच्या बाईंसमोर सुद्धा. घरी मी तोंड उघडलं की नवरा आधीच म्हणतो, "शिंपले ना? बोल." पण मी तरी काय करू? दगडात वादळ दिसतं, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं! नुसतं वादळच नाही. ते ज्या जागेवर कोसळलं ती जागा कशी होती, तिथलं पाणी खारट होतं की मचूळ, तळाशी वाळू होती की चिखल, तिथे कोण राहत होतं, हे सगळं त्या दगडातून वाचता येतं. हे कळल्यावर गप्प बसणं माणसाला शक्य आहे का?

कळव्यात वाढलेल्या माणसाला शिंपले नवे नाहीत. लहानपणी रेतीबंदरावर खाडीतून उपसलेली रेती उतरायची, बांधकामांवर तिचे ढीग पडायचे आणि आम्ही पोरं त्या ढिगांवर चढून शिंपले वेचायचो. पांढरे, झिजलेले, कडा मोडलेले. खिशात भरायचे, आईचा ओरडा खायचा, संपलं. समुद्र इथून इतका लांब, मग रेतीत हे आले कुठून, असा प्रश्न एकदाही पडला नाही. ठाणे आणि कळव्याच्या मधली खाडी लोकलने किती वेळा ओलांडली असेल! ओहोटीला उघडा पडलेला काळा चिखल, त्याच्या कडेने तिवरं, एखादा बगळा. हे सगळं खिडकीतून जायचं आणि मी मोबाइलमध्ये.

मग एका रविवारी मामेबहिणीबरोबर भाईंदरमार्गे उत्तन-गोराईकडे गेले. ओहोटी लागली होती. पुळणीच्या खालच्या अंगाला समुद्राकडे किंचित कललेल्या फरशा पसरल्या होत्या. वाटलं, कुणीतरी जुना धक्का बांधला असेल आणि मोडला असेल. वाकून पाहिलं तर ते काँक्रीट शिंपल्यांचं! खडीच्या जागी शिंपले, शंख, कालवांच्या कवचांचे तुकडे, मधे वाळू, आणि सगळं एकमेकांना घट्ट चिकटलेलं. शेजारी जाळं सोडवत बसलेल्या काकांना विचारलं, "काका, हे काय आहे?" ते मान वर न करता म्हणाले, "करळ. आमचे जुने लोक फोडून न्यायचे, पायाला, विहिरीला."

करळ! घरी येऊन शोधत बसले आणि त्या रात्री झोप नाही. जुने इंग्रज भूशास्त्रज्ञ याला 'लिटोरल काँक्रीट' म्हणत, आजचे 'बीच रॉक' म्हणतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळूच्या कणांमध्ये खारं पाणी मुरतं. ओहोटीला ते तापतं, आटतं, त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि कणाला कण चिकटवत जातो. यासाठी लाखो वर्षं लागत नाहीत. जगात काही किनाऱ्यांवर अशा दगडात काचेच्या बाटल्या अडकलेल्या सापडल्या आहेत, म्हणजे काही दशकांतसुद्धा पुळणीचा खडक होऊ शकतो. कोकणच्या किनाऱ्यावर हा दगड ठिकठिकाणी आहे आणि त्यातला बराचसा गेल्या काही हजार वर्षांतला. सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्या पायाशी हे पोर कालचंच.

पण माझी झोप उडवली ती दगडाने नाही, त्यातल्या एका थराने. पुढच्या खेपेला भिंग घेऊन गेले आणि एका फरशीची तुटलेली कड बघत बसले. खाली बारीक वाळू, तिच्यात तुरळक शिंपले. मग एकदम, पट्टीने रेघ मारावी तशी, एक सीमा. तिच्यावर साधारण सहा इंच नुसती शिंपल्यांची दाटी. तळाला मोठे तुकडे, वर जावं तसे लहान, अगदी वर पुन्हा बारीक वाळू. काही शिंपले पालथे, काही उभे खोचलेले, काही एकात एक अडकलेले. आणि त्यांत मोकळ्या पुळणीवर सापडणारी चकचकीत गोल बटणशंख होते, दगडाला चिकटून राहणारी कालवं होती, शिवाय खारफुटीच्या चिखलात राहणारा तो लांबुळका, मळकट शंखही होता. ही मंडळी जिवंतपणी कधी एका पंक्तीला बसत नाहीत. त्यांना एकत्र आणलं कुणी?

इथे मला कळव्याच्या बाजारातली मावशी आठवली. तिला तिसऱ्यांचा भाव विचारता विचारता मी एकदा विचारलं होतं, "मावशी, या इथल्याच का?" ती म्हणाली, "इथं आता कुठं मिलतान, ताई! तिसरी रेतीत ऱ्हाते, कालव दगडाला, खुबे चिखलात. जागा गेली का तीपण गेली." पुराजीवशास्त्रज्ञ नेमकं याच ज्ञानावर चालतात. कोणता प्राणी कुठे राहतो हे पक्कं माहीत असलं की त्याचं कवच म्हणजे त्याचा पत्ता. मोकळ्या समुद्रकिनारी जाती पुष्कळ. वाळूच्या दांड्यामागच्या खाजणात मात्र पाणी कधी खारट, पावसाळ्यात जवळजवळ गोडं, उन्हाळ्यात पुन्हा मिठागरासारखं. ते सगळ्यांना सोसत नाही. ज्यांना सोसतं अशा चारदोनच जाती तिथे टिकतात, पण टिकतात त्या लाखोंनी. म्हणून जुन्या थरात मोजक्या जातींची अफाट गर्दी दिसली की जाणकार म्हणतो, इथे खाजण होतं.

आता वादळ. शांत दिवसांत खाजणाच्या तळाशी चिखल अगदी हळू साठतो. मग एका रात्री समुद्र दांडा ओलांडतो. लाटा तळ खरवडतात, म्हणून ती पट्टीने मारल्यासारखी सीमा. वर्षानुवर्षं चिखलात पडलेली कवचं उचलली जातात, बारीक गाळ पाण्याबरोबर निघून जातो, जड कवचं मागे राहतात; वादळ ही किनाऱ्याची चाळण आहे. समुद्राकडची वाळू आणि शंख दांड्यावरून आत फेकले जातात, खाजणातले त्यांच्यात मिसळतात. जोर ओसरला की आधी जड तुकडे बसतात, मग हलके, शेवटी गाळ. एका रात्रीत सहा इंच! आधीच्या तितक्याच जाडीच्या चिखलाला कदाचित कित्येक दशकं लागली असतील. अशा थरांना शास्त्रात 'टेम्पेस्टाइट' म्हणतात.

अर्थात शिंपल्यांचा प्रत्येक ढीग वादळाचा नसतो. रोजच्या लाटाही कवचं गोळा करतात, माणसंही आतला जीव खाऊन कवचं टाकतात. म्हणून खुणा तपासाव्या लागतात, आणि त्या इतक्या सुंदर आहेत की मी त्या पाठ केल्या आहेत! नुसत्या प्रवाहाने आणलेला शिंपला बहुधा पालथा बसतो, कारण तसा तो उलटत नाही. पाण्यात तरंगून खाली पडलेला उताणा पडू शकतो. मेलेल्या शिंपल्याची बिजागरी लवकर कुजते आणि दोन झाकणं वेगळी होतात. ती दोन्ही मिटलेली, जागच्या जागी सापडली तर तो प्राणी जिवंतपणी किंवा मेल्यावर लगेच गाडला गेला. कवचाच्या आतल्या बाजूला कालवाचं पिल्लू किंवा बार्नेकल चिकटलं असेल तर ते कवच गाडलं जाण्याआधी बराच काळ रिकामं पडून होतं. नेटकं गोल भोक दिसलं तर शिकारी शंखाने भोक पाडून आतला जीव खाल्ला. आणि सगळ्यात थरारक खूण म्हणजे थरातून वर जाणाऱ्या बारीक उभ्या वाटा: अंगावर वाळूचं ओझं पडल्यावर जिवाच्या आकांताने वर निघालेल्या प्राण्यांच्या. कुणी पोहोचले, कुणाची वाट अर्ध्यावर संपली. हे वाचून मी खुर्चीवरून उठूनच उभी राहिले.

याच्याही आत शिरता येतं. शिंपल्याचं कवच थराथराने वाढतं आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण मोजलं की पाण्याचं तापमान आणि त्यात मिसळलेलं गोडं पाणी यांचा अंदाज येतो. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाळ्याची नोंद एका तिसरीच्या कवचात! वय काढायला रेडिओकार्बन. त्यातही गंमत अशी की समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळे समुद्री शिंपला खऱ्यापेक्षा सरासरी चारेकशे वर्षांनी म्हातारा दिसतो आणि ती वजाबाकी करावी लागते. एका थरात पिढ्यान्पिढ्यांची कवचं मिसळलेली असतात, म्हणून एका शिंपल्याच्या वयावर वादळाची तारीख ठरवत नाहीत.

आता मला जे सगळ्यात विलक्षण वाटतं ते सांगते. खाजणातली शांतता स्वतःची नोंद नीट ठेवतच नाही. खेकडे चिखल उकरत राहतात, थर एकमेकांत कालवले जातात. खारफुटीच्या आम्ल चिखलात पातळ कवचं विरघळून जातात. शंभर निवांत वर्षं गेली आणि मागे काही उरलं नाही असं होऊ शकतं. मग वादळ येतं आणि तेच सगळं एका झटक्यात गाडून टाकतं. हवेपासून, खेकड्यांपासून, आम्लापासून दूर. ज्याने खाजण उद्ध्वस्त केलं त्यानेच त्याची साक्ष जपली! खाजण कसं होतं हे आपल्याला सांगतो तो त्याच्यावर चालून आलेला समुद्र. आपण वादळाच्या फक्त नुकसानीच्या याद्या करतो; त्याने राखून ठेवलेल्या गोष्टींची यादी कुणी केली आहे का?

केली आहे. अमेरिकेत अलाबामातल्या शेल्बी सरोवरात काम-ब्यू लियू आणि मिरियम फर्न यांनी तळाच्या गाळातून नळकांडी काढली आणि 1993 मध्ये दाखवून दिलं की चिखलात मधेमधे आलेले वाळूचे थर म्हणजे दांडा ओलांडून आलेली मोठी चक्रीवादळं आहेत. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफजवळच्या कुराकोआ बेटावर प्रवाळ आणि शिंपल्यांचे बांध एकामागे एक उभे आहेत. जोनाथन नॉट आणि मॅथ्यू हेन यांनी 2001 मध्ये त्यांची वयं काढून पाच हजार वर्षांतल्या महावादळांचा हिशेब मांडला: दर दोन-तीन शतकांनी एक. माणसाच्या हवामानखात्याच्या वह्या जेमतेम दीडशे वर्षांच्या. त्याआधीचं विचारायचं तर शिंपल्यांनाच विचारावं लागतं.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. कच्छमधल्या ज्युरासिक काळातल्या शिंपल्यांच्या थरांचा फ्रान्झ फुर्शिश आणि सहकाऱ्यांनी इतका बारकाईने अभ्यास केला की तिथल्या तेव्हाच्या समुद्राची खोली कुठे वाढली, कुठे घटली, लाटांचा जोर कुठे होता, हे त्या थरांच्या घडणीवरून मांडता आलं. पंधरा-सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या लाटा! कोकणातल्या तरुण किनारी थरांवर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काम केलं. दापोली तालुक्यातल्या केळशीला, भारजा नदीच्या मुखाशी, वाळूची प्रचंड टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिच्यातले शिंपले, कोळसा, खापरं, नाणी यांचा मागोवा घेतला आणि तिचं नातं त्सुनामीशी जोडलं. सप्टेंबर 1524 मध्ये वास्को द गामाचा ताफा दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र हेलकावला होता, अशी पोर्तुगीज नोंद आहे. वादळाचा थर आणि त्सुनामीचा थर ओळखणं हा या शास्त्रातला सगळ्यात अवघड पेपर. दोघेही समुद्रातलं जमिनीवर आणून टाकतात.

आणि मुंबई! एकोणिसाव्या शतकात जॉर्ज बुइस्ट आणि हेन्री कार्टर या दोघांना मुंबई बेटाच्या भूगर्भाचं वेड लागलं होतं. कार्टरचा या विषयावरचा निबंध 1852 चा. बेटांच्या मधल्या सखल भागात खारफुटीच्या मुळांनी भरलेली निळी चिकणमाती, आणि किनाऱ्याच्या बाजूला शिंपल्यांचं काँक्रीट, असं चित्र त्या काळच्या वर्णनांतून उभं राहतं. नीट विचार करा: चिकणमाती म्हणजे आडोशाचं, संथ पाणी, शिंपल्यांचं काँक्रीट म्हणजे लाटा. माहीम-गिरगावच्या वाळूच्या पट्ट्यामागे भरतीला पाणी शिरायचं आणि तो सगळा प्रदेश उथळ खाजणासारखा व्हायचा. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीची खिंड बंद केली तेव्हा ते पाणी अडलं. मग 1878 मध्ये प्रिन्सेस डॉकचं खोदकाम करताना भरतीच्या पातळीच्या खूप खाली उभी खोडं सापडली, खैराचं एक अख्खं बुडालेलं जंगल! म्हणजे आधी रान, मग चिखल, मग समुद्र. लोकलच्या गर्दीत आपण ज्या शहराकडे जातो त्याच्या तळाशी हे रचलेलं आहे.

हे वाचल्यावर ठाण्याची खाडी मला वेगळीच दिसायला लागली. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली होती. मुंबईसमोरची उथळ समुद्रबूड जमीन दोनशे किलोमीटरहून रुंद. ती जवळजवळ सगळी कोरडी होती. पारसिकच्या डोंगरावरून तेव्हा पश्चिमेला पाहिलं असतं तर समुद्र दिसलाच नसता. मग बर्फ वितळलं, पाणी चढत आलं आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोहोचलं. दरी बुडाली, तिची खाडी झाली, गाळ साठला, तिवरं आली. जिथे आज आमची खारीगाव, विटाव्याची वस्ती खाडीला चिकटून उभी आहे, तिथल्या चिखलाच्या थरांत हा सगळा चढाव नोंदलेला असणार. आजही तो काठ जिवंत आहे: 2015 मध्ये खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती रामसर स्थळ झाली.

इथेच माझ्या उत्साहाला जरा टोचणी लागते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. 17 मे 2021 ला तौक्ते मुंबईजवळून गेलं आणि गेटवेसमोर, मरीन ड्राइव्हवर समुद्राने टनावारी कचरा परत आणून टाकला. चपला, बाटल्या, थर्मोकोल. टीव्हीवर ते पाहताना मला नुसता वैताग आला होता. आता वाटतं, हाही एक थरच. पुढे कधी कुणी तो वाचेल तेव्हा त्यात वाळूतल्या जातींऐवजी बाटल्यांची बुचं मोजेल. पण थर साठायला आधी जागा लागते. दांडा लागतो, त्याच्यामागे आडोसा लागतो, चिखल लागतो. जिथे भराव पडला आणि वर रस्ता झाला तिथे वादळ येऊन जातं, नुकसान करतं आणि कसलीच नोंद ठेवत नाही. खाजण वाचवायचं ते पक्ष्यांसाठी आणि पूर रोखण्यासाठी, हे सगळे सांगतात. किनाऱ्याला स्मरणशक्ती असते आणि ती खाजणात असते, हे मला आता कळलं.

तेव्हा माझं ऐका. भरती-ओहोटीचं कोष्टक बघा, मोठ्या ओहोटीचा दिवस निवडा आणि साधं भिंग खिशात टाका. उत्तन-गोराईला जा, नाहीतर कोकणात जिथे सुट्टीला जाता तिथल्या पुळणीच्या खालच्या अंगाला करळ शोधा. दगड फोडायचा नाही, घरी आणायचा नाही. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे माप कळेल. थराच्या तळाशी सीमा धारदार आहे का बघा. तुकडे वर जाताना बारीक होतात का बघा. किती शिंपले पालथे, किती उताणे, ते मोजा. किती जाती, आणि त्यांतल्या चिखलातल्या किती, वाळूतल्या किती, हे गावातल्या कोळणीला फोटो दाखवून विचारा; ती पुस्तकापेक्षा लवकर सांगेल. आणि मग मला सांगा. कळव्यात, खाडीच्या बाजूला, शिंपलेवाल्या बाईंचं घर कोणतं म्हणून विचारलंत तर हल्ली कुणीही दाखवेल.